इयान डोनाल्ड : आवाजाने पोटातलं पाहायला शिकवणारे डॉक्टर



गेल्या महिन्यात आमच्या शाळेत माता-पालक सभा होती. सभा संपली, सगळ्या जणी निघाल्या, पण माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दारातच थांबली. तिला सहावा महिना होता. जरा संकोचूनच तिने विचारलं, "बाई, सोनोग्राफी म्हणजे एक्स-रेच ना? सासूबाई म्हणतात, सारखी केली तर पोरगं भाजतं. खरं आहे का हो?"

खरं सांगू? मला नीट उत्तर देता आलं नाही. "डॉक्टरांना विचारा" एवढंच म्हणाले आणि मनात खजील झाले. ध्वनी, प्रतिध्वनी, वटवाघूळ हे सगळं आपण वर्गात शिकवतो, आणि आईने साधा प्रश्न विचारला तर अडखळतो! म्हणून घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता एक माणूस भेटला. आज त्यांचीच गोष्ट सांगते. त्या गोष्टीतच सोनोग्राफीचे बरेच शब्द आपोआप समजतात, आणि त्या माऊलीच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. त्यांचं नाव इयान डोनाल्ड.

बालपण आणि शिक्षण

इयान डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं आणि डॉक्टरांचं. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. आई उत्तम पियानो वाजवायची, त्यामुळे संगीताची गोडी इयानला घरातच लागली. शाळा स्कॉटलंडमध्ये सुरू झाली, पण वडिलांची तब्येत ठीक राहत नव्हती म्हणून सगळं कुटुंब दक्षिण आफ्रिकेत राहायला गेलं.

तिथे १९२७ साली घरावर मोठं संकट आलं. घरात घटसर्प शिरला. आई आणि भावंडं आजारी पडली आणि त्यातच आई गेली. तीन महिन्यांत वडीलही गेले. इयान तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा, आणि चार भावंडांत सगळ्यात मोठा. आज आपण बाळांना घटसर्पाची लस देतो, म्हणून हा आजार आता पूर्वीपेक्षा खूप कमी दिसतो. त्या काळी तो घरंच्या घरं मोडायचा.

घर सांभाळणाऱ्या बाईंनी या मुलांना मायेने वाढवलं. इयानने केपटाऊनमधून पदवी घेतली, तीसुद्धा भाषा आणि संगीत या विषयांची! त्यानंतर भावंडांसह तो इंग्लंडला परतला, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कॉलेजात गेला आणि १९३७ मध्ये डॉक्टर झाला. त्याच वर्षी लग्नही झालं. पुढे त्यांना चार मुली झाल्या.

पालकहो, इथे एक लक्षात घ्या. ज्यांनी पुढे वैद्यकशास्त्रात एवढं मोठं यंत्र आणलं, त्यांची पहिली पदवी कला शाखेची होती. दहावीनंतर मुलाने कोणती बाजू घेतली यावरून त्याचं सगळं आयुष्य ठरवून टाकायची घाई आपण करतो ना, म्हणून सांगितलं.

युद्ध आणि नवी यंत्रं

दुसऱ्या महायुद्धात डॉ. डोनाल्ड ब्रिटनच्या विमानदलात डॉक्टर म्हणून होते. एकदा एक बॉम्बफेकी विमान पेटलं. आत बॉम्ब तसेच होते आणि माणसं अडकलेली. डोनाल्ड आत शिरले आणि त्यांनी माणसांना बाहेर काढलं. या शौर्याबद्दल १९४६ मध्ये त्यांना 'एमबीई' हा सन्मान मिळाला.

त्यांच्या पुढच्या कामाच्या दृष्टीने युद्धातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. त्यांनी तिथे रडार आणि सोनार ही तंत्रं जवळून पाहिली. रडार म्हणजे रेडिओ लहरी सोडायच्या आणि विमानावर आपटून परत आलेल्या लहरींवरून विमान कुठे आहे ते ओळखायचं. सोनार म्हणजे तेच काम पाण्याखाली आवाजाने करायचं. आवाज पाणबुडीवर आपटतो, परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. आपण विहिरीत तोंड घालून "ओऽऽ" करतो आणि खालून "ओऽऽ" येतं, तोच प्रतिध्वनी.

युद्ध संपल्यावर ते लंडनला प्रसूतिशास्त्रात काम करू लागले. जन्मल्यावर ज्या बाळांना नीट श्वास घेता येत नाही त्यांच्यासाठी त्यांनी श्वासाची यंत्रं बनवली. हाती येईल ते यंत्र खोलून पाहायचा त्यांना नाद होता. काही सहकारी त्यांना चक्क वेडा म्हणत. १९५४ साली ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले.

मडकं वाजवून बघणारा कारखाना

आता मी तुम्हाला बाजारात नेते. उन्हाळ्यात आपण माठ घ्यायला जातो तेव्हा काय करतो? बोटाने टकटक वाजवतो. 'खण्ण' आवाज आला तर माठ चांगला. 'बद्द' आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. डोळ्यांना चीर दिसत नाही, पण आवाज सांगतो.

ग्लासगोजवळ रेनफ्रू इथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स नावाचा मोठे बॉयलर बनवणारा कारखाना होता. बॉयलरच्या जाड पोलादात किंवा जोडात आत कुठे भेग राहिली तर वाफेच्या दाबाने तो फुटायचा. म्हणून तिथे आवाज सोडून भेग शोधणारं यंत्र वापरत. आपल्या माठाचंच तत्त्व, फक्त हा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं झाली ते मोजायचं एकक. २०,००० च्या वरच्या आवाजाला म्हणतात श्राव्यातीत ध्वनी. इंग्रजीतून आलेला शब्द अल्ट्रासाऊंड. वटवाघूळ हाच आवाज काढतं आणि आजची सोनोग्राफी मशिनसुद्धा हाच वापरते, फक्त फार वरच्या पट्टीतला. तो सेकंदाला २० लाखांहून अधिक कंपनांचा असतो, म्हणजे २ मेगाहर्ट्झ आणि त्याहून जास्त.

डोनाल्ड यांच्या एका पेशंटचे पती या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीने जुलै १९५५ मध्ये डोनाल्ड कारखान्यात गेले. गाडीत काय होतं माहीत आहे? ऑपरेशन करून काढलेल्या गाठी! काही पाणी भरलेल्या, काही घट्ट मांसल. तुलना करायला कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. पोलादाची भेग शोधणारं यंत्र त्या दिवशी या गाठींवर लावून पाहिलं.

पाणी भरलेल्या गाठीत आवाज सरळ आत गेला. मध्ये काहीच प्रतिध्वनी नाही, एकदम पलीकडच्या भिंतीवरून आला. मांसल गाठीत मात्र आवाज आतल्या आत ठिकठिकाणी आपटून परत येत राहिला आणि जसजसा खोल गेला तसतसा क्षीण झाला. म्हणजे पोट न फाडता बाहेरूनच सांगता येईल की आत पाणी आहे की मांस! डोनाल्ड यांना जे हवं होतं ते मिळालं.

सोनोग्राफीचं चित्र आजही याच नियमाने वाचतात. पाणी, लघवी, गर्भजल यांतून प्रतिध्वनी येत नाही, म्हणून तो भाग पडद्यावर काळा दिसतो. मांसल भाग करडा दिसतो. हाड किंवा खडा यांवरून आवाज जोरात परत येतो, म्हणून ते पांढरे दिसतात. खड्याच्या मागे आवाज पोचतच नाही, तिथे काळी पट्टी पडते. तिला ध्वनीची सावली म्हणता येईल. कंदिलापुढे हात धरला की भिंतीवर सावली पडते ना, तसंच.

टॉम ब्राऊनचा फोन

सुरुवातीचं यंत्र अगदीच ओबडधोबड होतं. जवळचं त्यावर नीट दिसायचं नाही. म्हणून तळाला पातळ पडदा असलेली पाण्याची बादली पेशंटच्या पोटावर ठेवून त्यातून आवाज सोडायचे. बादली कलंडली की पेशंट, पलंग, फरशी सगळं ओलंचिंब! लोक हसायचे.

याच शहरात केल्व्हिन अँड ह्यूजेस नावाची कंपनी होती. भेग शोधणारी यंत्रं तीच बनवायची. तिथल्या टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरच्या कानावर आलं की कुणी एक प्रोफेसर हे यंत्र माणसांवर लावतात. त्याने टेलिफोन डिरेक्टरीत नंबर शोधला आणि सरळ डोनाल्ड यांना फोन केला. एवढ्या मोठ्या प्रोफेसरांनी त्या पोरसवदा इंजिनिअरला बोलावून घेतलं आणि त्याचं ऐकलं. जॉन मॅकव्हिकार हे तरुण डॉक्टर तिसरे. या तिघांनी मिळून काम केलं.

आधीच्या यंत्रात पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा उठायच्या. रेघ कुठे उठली त्यावरून अंतर कळायचं. याला ए-मोड म्हणतात. ब्राऊनने असं यंत्र बनवलं की आवाज सोडणारा भाग पोटावरून फिरवत गेलं की प्रत्येक प्रतिध्वनीचा एक ठिपका उमटायचा आणि हजारो ठिपके मिळून आतलं आडवं चित्र तयार व्हायचं. हा बी-मोड. ठिपक्यांची रांगोळी समजा. आपण आज जी सोनोग्राफी बघतो ती हीच. पहिलं यंत्र पेशंटपुढे जेवणाचं ताट ठेवायच्या हॉस्पिटलच्या टेबलावर बसवलं होतं. आणि आता बादलीची गरज उरली नव्हती. कातडीवर तेल लावलं की झालं.

तेल का? आजही डॉक्टर पोटावर गार गार जेल लावतात, त्याचंच हे कारण. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेची पातळ फट जरी राहिली तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो, आत जातच नाही. जेलमुळे ती हवा निघून जाते. पोटावर फिरवतात त्या दांड्याला प्रोब म्हणतात. त्याच्या टोकाला खास स्फटिकासारखा पदार्थ असतो. वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज निघतो, आणि परत आलेला आवाज त्यावर आदळला की त्यातून वीज निघते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता. म्हणजे प्रोब हे तोंडही आहे आणि कानही.

इथे एक नमूद करायला हवं. हे काम जगात एकटे डोनाल्डच करत होते असं नाही. ऑस्ट्रिया, अमेरिका, स्वीडन इथेही लोक धडपडत होते. पण गरोदर बाईच्या तपासणीत हे तंत्र पक्कं रुजवलं ते ग्लासगोच्या या मंडळींनी.

एका बाईचा जीव वाचला

तरी बऱ्याच डॉक्टरांना हा पोरखेळच वाटायचा. मग एक प्रसंग घडला. साठी ओलांडलेली एक बाई हॉस्पिटलात होती. पोट खूप फुगलेलं, तब्येत खालावत चाललेली. पोटाचा कॅन्सर पसरला असून त्यामुळे पोटात पाणी झालंय, आता इलाज नाही, असं निदान झालं होतं. डोनाल्ड यांना बोलावलं ते यंत्र दाखवायच्या निमित्ताने. पडद्यावर वेगळंच दिसलं. पोटात सुटं पाणी नव्हतं, तर कडा स्पष्ट असलेली भलीमोठी पाण्याची गाठ होती. ऑपरेशन झालं. बीजाशयाची मोठी गाठ निघाली, कॅन्सर नव्हताच. बाई बरी होऊन घरी गेली.

त्यानंतर हसणं थांबलं. ७ जून १९५८ रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राऊन या तिघांचा लेख छापून आला. पोटातल्या गाठी आणि गर्भ यांची श्राव्यातीत ध्वनीने काढलेली चित्रं त्यात होती.

मग बाळाकडे लक्ष गेलं. बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवरून स्पष्ट प्रतिध्वनी येतात हे दिसलं. त्यांच्यातलं अंतर मोजलं की बाळ किती वाढलं ते कळतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तुम्ही बीपीडी ही अक्षरं पाहिली असतील. ती हीच, डोक्याची रुंदी. १९६३ च्या सुमारास त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. मूत्राशय भरलेलं असेल तर त्यातल्या पाण्यातून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतलं बाळसुद्धा दिसतं. "भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका" असं सोनोग्राफीआधी सांगतात ना? आता कळलं का सांगतात ते!

हे सुरक्षित आहे का?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ.

त्या काळी गरोदर बाईचा एक्स-रे काढणं ही सर्रास गोष्ट होती. जुळं आहे का, डोकं कुठे आहे, हे बघायला एक्स-रे काढत. १९५६ आणि १९५८ मध्ये इंग्लंडच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी दाखवून दिलं की पोटात असताना ज्यांच्यावर एक्स-रे पडला, त्या मुलांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. अनेकांनी तेव्हा ते मानलं नाही. पण तोवर किती तरी वर्षं एक्स-रे निर्धास्तपणे काढले गेले होते. नवं यंत्र मिळालं की माणूस आधी वापरतो आणि मग विचारतो, असं होतं.

डोनाल्ड यांच्या लेखात ही भीती दिसते. पहिल्याच लेखाच्या वेळी त्यांनी भूल दिलेल्या मांजराच्या पिल्लांच्या मेंदूवर हा आवाज सोडून नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. इजा दिसली नाही. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९७० मध्ये ग्लासगो, स्वीडनमधलं लुंड आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणच्या १,११४ गरोदर स्त्रियांची माहिती एकत्र करून डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी लेख लिहिला. सोनोग्राफी झालेल्या आयांच्या बाळांमध्ये व्यंगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. त्याच सुमारास या आवाजाने रक्तपेशींतली गुणसूत्रं तुटतात असा दावा पुढे आला होता. पुन्हा पुन्हा तपासल्यावर तो टिकला नाही.

तर एक्स-रे आणि सोनोग्राफी यांत फरक हा असा. एक्स-रे हे किरण आहेत. त्यांच्यात पेशीतल्या रेणूंना धक्का देऊन तोडायची ताकद असते. सोनोग्राफीत असे किरण नसतात, तिथे फक्त आवाज असतो. आवाज म्हणजे थरथर. नेहमीच्या तपासणीत या थरथरीने बाळाला इजा झाल्याचं इतक्या वर्षांत सिद्ध झालेलं नाही.

पण थरथर म्हणजे ऊर्जाच. म्हणून दोन गोष्टींवर लक्ष ठेवतात.

पहिली, उष्णता. आवाज शरीरात शोषला गेला की थोडी उष्णता तयार होते. हाडात जास्त शोषला जातो. हात एकमेकांवर घासले की गरम होतात, तसंच काहीसं. याचा अंदाज यायला पडद्यावर टीआय नावाचा आकडा असतो. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला जेवढी शक्ती लागेल, त्याच्या किती पट शक्ती आत्ता वापरली जातेय, हे तो सांगतो. गरोदरपणात हा आकडा शक्यतो ०.७ च्या आत ठेवावा असा मार्गदर्शक नियम आहे.

दुसरी, दाबाचा परिणाम. आवाज पुढे जाताना दाब कमी-जास्त होतो. जिथे हवेचे बुडबुडे असतील तिथे हे बुडबुडे फुगून फुटू शकतात. त्याचा अंदाज देणारा आकडा एमआय. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात अजून हवा नसते, त्यामुळे तिथे ही भीती कमीच.

सासूबाईंच्या "भाजतं" या शब्दात म्हणूनच अगदी कणभर तथ्य आहे. उष्णता तयार होते हे खरं. पण नेहमीच्या तपासणीत ती फार थोडी असते. बाळ भाजत नाही.

आता इथे थोडं सावध वाचा. आजच्या मशिन पूर्वीपेक्षा जास्त शक्तीचा आवाज सोडू शकतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गर्भाच्या तपासणीची शक्तीची मर्यादा ९४ वरून ७२० पर्यंत वाढवली गेली (एकक आहे चौरस सेंटिमीटरला मिलिवॉट). अट ही की टीआय आणि एमआय पडद्यावर दिसले पाहिजेत, म्हणजे तपासणाऱ्याने ते बघून शक्ती आवरती ठेवायची. जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे आली. डॉपलर या प्रकारात तर शक्ती जास्त लागते, कारण त्यात रक्त वाहण्याचा वेग मोजतात. म्हणून अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत कारणाशिवाय डॉपलर वापरू नये असा सल्ला दिला जातो.

या सगळ्याचं सूत्र एका शब्दात सांगतात, अलारा. काम होण्यापुरता कमीत कमी आवाज, कमीत कमी वेळ. घरातल्या भाषेत सांगायचं तर भाजीत मीठ चवीपुरतं! कारण असेल तेव्हा सोनोग्राफी टाळू नका. नुसती हौस म्हणून, बाळाचा फोटो किंवा व्हिडिओ हवा म्हणून करू नका.

शेवटची वर्षं आणि एक वेगळी भीती

डोनाल्ड यांचं स्वतःचं हृदय दुबळं होतं. त्यांच्यावर हृदयाची तीन मोठी ऑपरेशनं झाली. तरी काम सुरूच. ग्लासगोत १९६४ साली सुरू झालेलं क्वीन मदर्स हॉस्पिटल उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

पोटातलं हलणारं बाळ ज्यांनी इतक्या जवळून पाहिलं, त्यांना आपल्या देशातल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याने फार अस्वस्थ केलं. त्यांनी त्याला उघड विरोध केला. त्यांचं ते मत सगळ्यांना पटलं नाही आणि आजही पटेल असं नाही. आपल्याकडे सुरक्षित गर्भपात हा कायद्याच्या चौकटीत बाईचा हक्क आहे, तो विषय वेगळा.

पण आपल्या देशात, आपल्या महाराष्ट्रात या यंत्राचं जे झालं ते शिक्षक म्हणून आपल्याला टाळता येणार नाही. आवाजाने बाळाला इजा केली नाही. पडद्यावर जे दिसलं, ते सांगणाऱ्या तोंडाने केली. मुलगी आहे असं कळलं की पुढे काय व्हायचं ते मी लिहायला नको. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा आला, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. याला आपण पीसीपीएनडीटी कायदा म्हणतो. बाळाचं लिंग शब्दाने, खुणेने, कोणत्याही प्रकारे सांगणं गुन्हा आहे. ते विचारणं, त्यासाठी दबाव आणणं हाही गुन्हा. प्रत्येक केंद्रावर तशी पाटी लावावीच लागते.

तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयाच्या १,००० मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. ही मुलं पुढे आपल्याच शाळांत आली. आपणच त्यांची नावं हजेरीपटावर लिहिली. ज्यांची नावं लिहायची राहिली, त्या मुलींची हजेरी कुणीच घेतली नाही.

म्हणून मला वाटतं, 'सुरक्षित' हा शब्द मुलांना शिकवताना दोन्ही बाजूंनी शिकवावा. यंत्र शरीराला सुरक्षित आहे का, आणि ते ज्याच्या हातात आहे तो माणूस सुरक्षित आहे का.

वर्गात काय घेता येईल?

१. माठाची परीक्षा : एक चांगलं आणि एक तडा गेलेलं मडकं आणा. मुलांना डोळे मिटून आवाजावरून ओळखायला सांगा. मग डोनाल्ड आणि बॉयलरची गोष्ट सांगा.

२. अंतराचं गणित (मोठ्या वर्गांसाठी) : शरीरात आवाज सेकंदाला साधारण १,५४० मीटर जातो. हाड १० सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन येऊन २० सेंटिमीटर, म्हणजे ०.२ मीटर. ०.२ भागिले १,५४० करा. उत्तर साधारण ०.०००१३ सेकंद. इतक्या कमी वेळाचं मोजमाप मशिन करते हे ऐकून मुलं तोंडात बोट घालतात!

३. काळा, करडा, पांढरा : कोऱ्या कागदावर पाणी काळं, मांसल भाग करडा आणि हाड पांढरं सोडून हाताचं 'सोनोग्राफी चित्र' काढायला द्या.

४. पाटी वाचन : सोनोग्राफी केंद्राबाहेरच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं ते मुलांना घरच्यांना विचारून यायला सांगा आणि ते का लिहावं लागलं यावर बोला. विषय नाजूक आहे, मुलांचं वय बघून घ्या.

त्या आईला मी नंतर शाळेत बोलावलं. म्हटलं, सोनोग्राफी एक्स-रे नाही, तो आवाज आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा बिनधास्त करा, उगाच जास्त वेळा मागू नका, आणि शंका असेल तर डॉक्टरांनाच विचारा, मी काही डॉक्टर नाही. ती हसली. म्हणाली, "सासूबाईंना तुम्हीच सांगा ना." पुढच्या सभेला सासूबाईंनाही घेऊन ये म्हटलं आहे. मडकं तयार ठेवलंय!

लेख कसा वाटला, वर्गात उपयोग झाला का, जरूर कळवा.